लाल टॅगच्या कादंबऱ्या

ज्या कादंबरीच्या पहिल्या पानावर नकाशा असतो, तिच्यात स्वयंपाक कुणी करत नाही, हे माझं मत आता पक्कं झालं आहे. गेल्या दीड वर्षात मी अशा सहा-सात कादंबऱ्या वाचल्या. उत्तरेला बर्फाचं राज्य, दक्षिणेला वाळवंट, मधोमध एक किल्ला आणि त्याचं नाव असं की उच्चारताना जीभ अडखळावी. भलंमोठं सैन्य महिनाभर चालत राहतं. त्यांच्या भाकरी कोण थापतं, भांडी कोण घासतं, इतक्या माणसांच्या आंघोळीची काय सोय, याबद्दल लेखक चकार शब्द काढत नाही. आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सकाळपासून माणसं राबत असतात, तरी दीड वाजता जेवायला गेलं की डाळीत पाणीच जास्त असतं. त्यामुळे मला ती सैन्यं खरी वाटत नाहीत. ड्रॅगन खरा वाटतो, सैन्य वाटत नाही.

लोक म्हणतात, एवढी चिकित्सा कशाला, वाचायचं आणि सोडून द्यायचं. मला ते जमत नाही. निघोज्याच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग पुढे जाण्याआधी तपासायचे आणि मापात नसतील तर अडवायचे, हे माझं चौदा वर्षांचं काम. दिवसभर चुका शोधण्याचा पगार घेतल्यावर बसमध्ये पुस्तक उघडलं की डोळे आपोआप तेच करतात. मूळ स्वभावही तसलाच आहे म्हणा. आई म्हणायची, हिला नवी साडी दाखवली की ही आधी उलटी बाजू बघते.

कंपनीची बस सकाळी साडेसहाला आकुर्डीहून निघते आणि निघोज्याला पोचायला तिला वाटेल तेवढा वेळ लागतो. तळवड्याच्या चौकात गाडी अडकली की सगळे घड्याळाकडे बघून चुकचुकतात. मी चुकचुकत नाही. त्या ट्रॅफिकच्या जिवावर माझ्या वर्षाला तीसेक कादंबऱ्या वाचून होतात. खिडकीकडची सीट माझी. शेजारची सीट दीड वर्षापासून कुणाचीही नाही, म्हणजे रोज कुणीतरी नवीन बसतं आणि कानात वायर घालून झोपतं.

त्या आधीची सहा वर्षं तिथे माझी मैत्रीण बसायची. मूळची मराठवाड्यातली, माझ्याच विभागात, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या हातातलं पुस्तक वाकून बघितलं आणि म्हणाली, "ताई, हे मी वाचलंय. शंभराव्या पानानंतर काही नाही बघा त्यात." मला राग आला, कारण मी नव्वदाव्या पानावर होते. दोन दिवसांनी कळलं की तिचं बरोबर होतं, तेव्हा आणखी राग आला. पुढे 'ताई' आणि 'बघा' दोन्ही गळून पडलं आणि ती मला अगं-तुगं करायला लागली.

टॅगची भानगड तिनेच सुरू केली. आमच्याकडे तपासलेल्या मालाला पुठ्ठ्याचा टॅग बांधतात. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे अडवलेला. टॅगवर रकाने असतात: मालाचं नाव, दोष, तपासणाऱ्याची सही आणि सगळ्यात खाली निर्णय. ज्याने दोष काढला त्याने निर्णय द्यायचा नाही, ही पद्धत. दोष एकाने लिहायचा आणि दुसऱ्याने पुन्हा बघून ठरवायचं की माल सोडायचा, दुरुस्त करायचा की मोडीत काढायचा. तोवर लाल टॅगच्या वस्तूला कुणी हात लावत नाही. एकदा कंपनीने टॅगचा नमुना बदलला आणि जुने गठ्ठेच्या गठ्ठे कचऱ्यात निघाले. तिने साहेबांना विचारून दोन गठ्ठे पिशवीत टाकले, पुस्तकात खूण म्हणून ठेवायला.

खुणेपुरते ते फार दिवस राहिले नाहीत. तिने एक कादंबरी संपवून माझ्या हातात दिली, तर आत लाल टॅग. मालाचं नाव: प्रेमकथा. दोष: नायक बोलतो फार, करत काही नाही. खाली तिची सही आणि निर्णयाचा रकाना रिकामा. मी वाचली आणि निर्णयात लिहिलं: दुरुस्ती शक्य नाही, पण मधली चाळीस पानं वापरता येतील. त्यावरून तळवड्यापर्यंत भांडण झालं. मग तो नियमच झाला. आधी वाचेल तिने दोष लिहायचा, नंतर वाचेल तिने निर्णय द्यायचा. सहा वर्षांत आम्ही किती पुस्तकं अडवली आणि किती सोडली याचा हिशोब नाही. मी दोष काढण्यात वस्ताद होते. निर्णय तिचेच चांगले असायचे, कारण ती पुस्तकाला एक संधी जास्त द्यायची.

मग दक्षिणेत कंपनीचा नवीन प्लांट निघाला. इथून क्वालिटीच्या दोघी हव्या होत्या आणि आमची दोघींची नावं गेली. तिने होकार दिला. मी आईच्या आजारपणाचं कारण सांगून नाव मागे घेतलं. आई आजारी होती हे खरं होतं, पण आईनेच सांगितलं होतं की तू जा, माझं मी आणि तुझा भाऊ बघून घेऊ. खरं कारण असं की मला भीती वाटली. नवीन गाव, नवीन भाषा, नवीन बस. आणि ही आपल्याला विचारल्याशिवाय हो म्हणालीच कशी, हा रागही होता. जाताना तिने तिच्या स्वतःच्या मालकीची एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "वाच आणि टॅग लाव. निर्णय मी देईन." मी मान हलवली आणि पुस्तक कपाटात उलटं ठेवून दिलं.

चार महिन्यांनी आई गेली. त्यानंतर आकुर्डीच्या एका खोली-स्वयंपाकघरात मी एकटी आहे. वडील आधीच गेले होते. भाऊ पिंपरीला राहतो, येतो, फोन करतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तो पुस्तक वाचत नाही, आणि पुस्तक न वाचणाऱ्या माणसाशी मी दहा मिनिटांच्या वर काय बोलू, हे मला अजून सुचलेलं नाही.

आता वाचनालयाबद्दल. आकुर्डी स्टेशनकडे जाताना एका पिठाच्या गिरणीच्या वर आहे. चालवणारे काका मूळचे गावातलेच, त्यांची जमीन सगळी कारखान्यांत गेली आणि मग तेही एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले. निवृत्त झाल्यावर घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी पुस्तकं मांडली. स्वतः वाचत नाहीत. पण पुस्तकं अशी लावतात की डोळे मिटून हात घातला तरी हवं ते सापडावं, आणि पिठाचा थर रोज दोनदा पुसतात. आमच्या विभागाला सुट्टी गुरुवारी असते, म्हणून मी गुरुवारी दुपारी जाते. सगळं जग कामावर असतं तेव्हा आपली सुट्टी असणं ही चमत्कारिक गोष्ट आहे. पूर्वी आम्ही दोघी जायचो, तेव्हा ते जाणवत नव्हतं. आता जाणवतं. गुरुवारी दुपारी त्या खोलीत मी, काका आणि खालच्या गिरणीचा आवाज, एवढेच असतो.

मैत्रीण गेल्यावर टॅग लिहायची सवय सुटेना. मग मी वाचनालयाच्या पुस्तकांना टॅग लावायला लागले. दोष लिहायचा, सही करायची, निर्णयाचा रकाना रिकामा सोडायचा आणि पुस्तक परत करायचं. पुढच्या वाचकाने भरावा, अशी आशा. कुणालाही सांगितलं नव्हतं, काकांनाही नाही. टॅग पुस्तकातून थोडा बाहेर लोंबत असायचा, तो त्यांना दिसत असणारच, पण ते काही बोलले नाहीत.

माझं काही सगळंच लाल नसतं. एका निवृत्त माणसाची कादंबरी होती. तीनशे पानांत काही घडत नाही. बायको वारलेली, हा फ्लॅटमध्ये एकटा, सकाळी दूध घेतो, गॅलरीत बसतो, संध्याकाळी दार लावतो. शंभर पानं होईपर्यंत मी लाल टॅग हातात घेऊनच बसले होते. मग लक्षात आलं की हा माणूस रोज दोघांचा भात लावतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन खातो. लेखक त्याबद्दल काहीही बोलत नाही. शेवटून दहाव्या पानावर एक दिवस तांदूळ आपसूक एकाच्या मापाने घेतला जातो, आणि तो माणूस कुकर न लावता तसाच खाली बसतो. मी बसमध्ये होते. पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत राहिले आणि निघोजे आलेलं कळलं नाही. आई गेल्यावर मी कितीतरी दिवस चहाला दोन कप पाणी ठेवत होते. कधीपासून एक कप ठेवायला लागले ते मात्र मला आठवत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. त्या पुस्तकाला मी हिरवा टॅग लावला. दोषाच्या रकान्यात लिहिलं: नाही.

याच्या उलट एक गंभीर कादंबरी कारखान्यावर होती. मुखपृष्ठावर धूर. लेखकाने कारखाना बाहेरच्या रस्त्यावरून बघितला असावा. दर दोन पानांनी भोंगा वाजतो, यंत्रं राक्षसासारखी दात विचकतात आणि कामगार सगळे घामाने निथळत गप्प उभे. कुणी कुणाची चेष्टा करत नाही. शिफ्टमध्ये आम्ही जेवढं हसतो तेवढं घरी कुणी हसत नसेल. माझे वडील कामगार होते. इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय ते फर्स्ट शिफ्टला जात नसत, आणि दर जयंतीला घरात गोड नाही झालं तरी एक पुस्तक यायचंच. त्यांच्यासारखा एकही माणूस त्या चारशे पानांत नाही. मी लाल टॅगवर लिहिलं: मालाचं माप न घेता माल बनवलेला आहे.

जादूच्या पुस्तकांतही मी माप बघते. तीन भागांची एक कादंबरी होती. तिच्यातल्या मुलीला वारा थांबवता येतो, पण प्रत्येक वेळी तिच्या आठवणीतलं एक माणूस पुसलं जातं. ही कल्पना मला फार आवडली. पहिला भाग संपल्यावर मी बसमध्ये बसून मोजलं की मला वारा किती वेळा थांबवता येईल. फार वेळा नाही. पण तिसऱ्या भागात ती मुलगी सबंध वादळ थांबवते आणि कुणीच पुसलं जात नाही, कारण म्हणे तिचं प्रेम खरं होतं. हे मला चालत नाही. ड्रॉइंगमध्ये बदल न करता पार्ट बदलायचा नसतो. जादूला किंमत ठेवली तर ती शेवटपर्यंत वसूल झाली पाहिजे, नाहीतर आधी रडलेल्या वाचकाची ती फसवणूक आहे. तिसऱ्या भागाला लाल टॅग.

टॅग लावून झाले की पुढच्या गुरुवारी मी फडताळाशी जाऊन बघायची. हिरव्या टॅगची पुस्तकं जागेवर असायची आणि निर्णयाचा रकाना रिकामा असायचा. लाल टॅगची पुस्तकं मात्र जागेवर नसायची. आधी एक नव्हतं, मग दोन, मग जितकी मी अडवली तितकी सगळी. मला फार गंमत वाटली. म्हणजे या आकुर्डीत कुणीतरी होतं ज्याला माझा लाल टॅग दिसला की तेच पुस्तक घरी न्यावंसं वाटत होतं. मी शिव्या घातलेलं प्रत्येक पुस्तक हे माणूस वाचत होतं.

हसू नका, पण त्या माणसाची मी मनात बरीच सोय लावली. ती बाई असावी असं ठरवलं. चष्मा असावा. माझ्याशी तिचं पटत नसणार, म्हणूनच ती पुस्तकं ठेवून घेत असणार, पुन्हा पुन्हा वाचत असणार आणि निर्णय काय द्यावा यावर विचार करत असणार. कारखान्याच्या कादंबरीवर ती काय म्हणेल याचा मी पूर्ण वाद मनात घालून बघितला. दोन्ही बाजूंनी मीच बोलले. तिच्यासाठी मी टॅग नीट अक्षरात लिहायला लागले. एखादं पुस्तक तितकंसं वाईट नसलं तरी तिच्यापर्यंत पोचावं म्हणून लाल टॅग लावला, हेही कबूल करते. क्वालिटीतल्या माणसाने असं करणं बरं नाही.

जवळजवळ वर्षभर असं चाललं. शेवटी एका गुरुवारी मी धीर केला. काकांना म्हटलं, "काका, माझी लाल टॅगवाली पुस्तकं कोण नेतं? मला त्यांना भेटायचंय."

काकांनी चष्मा वर केला. "कोन न्हाई नेत, ताई. हितंच हायेत की."

त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. वरच्या खणात माझी अकरा पुस्तकं ओळीने उभी होती. प्रत्येकाचा टॅग बाहेर, एका रेषेत. खणाला लाल चिकटपट्टीची चौकट मारलेली होती, कंपनीत मारतात तशी.

"निर्णय रिकामा हाय ना," काका म्हणाले. "निर्णय झाल्याबिगर लाल टॅगचा माल कसा द्यायचा? बत्तीस वर्षं स्टोअर केलं, आमी एकदाबी न्हाई दिला. आज ना उद्या तुमचं मानूस येऊन सोडवंल म्हनून ठेवलीत. धूळ बसू दिली न्हाई."

मी हसले. काकांनाही हसू आलं. त्यांची काही चूक नव्हती, कंपनीतल्या कुणीही हेच केलं असतं, मीही केलं असतं. पण ती चष्म्याची बाई नव्हतीच. वर्षभर मी एका बंद कपाटाशी वाद घालत होते.

"तुमचं मानूस आलं व्हतं म्हना एकदा," काका पुस्तकं पुन्हा सारखी करत म्हणाले. "दोन-अडीच म्हैने झाले. पूर्वी तुमच्यासंगं यायच्या त्या. रविवार व्हता, बॅग व्हती हातात, गावाकडं निघाल्यावानी. त्यांनी ह्येच पुस्तक मागितलं." आणि त्यांनी ओळीतलं शेवटचं, सगळ्यांत जाड पुस्तक बाहेर काढलं.

ते तिचंच पुस्तक होतं, जाताना मला दिलेलं.

त्याची गोष्ट इथे सांगायला हवी. आई गेल्यावर महिनाभराने मी ते कपाटातून काढलं. त्यात दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी असतात. एकीला वाळवंटापलीकडच्या विहिरीची राखण करायला जावं लागतं, कारण ती विहीर आटली तर अवघ्या मुलखाचं पाणी जातं. दुसरी गावातच राहते. सहाशे पानं दोघी एकमेकींना निरोप पाठवतात, कधी पाखराबरोबर, कधी वाळूत उमटलेल्या अक्षरांनी. शेवटच्या पानावर पहिली परत येते आणि दार वाजवते. मी ते पुस्तक एका दुपारी, रागारागात, पानं ओढत वाचून काढलं. लाल टॅग घेतला. दोष: शेवट खोटा आहे, गेलेलं माणूस परत येत नाही. मग खाली सही. आणि त्या दिवशी मी थांबले नाही. निर्णयाच्या रकान्यातही मीच लिहिलं: मोडीत काढावं.

तिचा फोन आला होता त्यानंतर, तोच शेवटचा. म्हणाली, "वाचलंस का गं?" मी म्हटलं, वाचलं, वाचनालयाला देऊन टाकलं. "आणि टॅग?" म्हटलं, लावलाय. ती तिकडच्या पाण्याबद्दल काहीतरी बोलली आणि फोन ठेवला. पुढे तिनेही केला नाही आणि मीही नाही.

"मग काय म्हणाली ती?" मी काकांना विचारलं.

"म्या सांगितलं, ताई रविवारी कामावर असत्यात, गुरुवारी येत्यात. तर म्हनल्या, म्हायतीय मला. तितं त्यांना रविवारची सुट्टी, एक दिवस मधी सापडला व्हता म्हनं. टॅग वाचला. लई येळ वाचत व्हत्या, येवढासा तर टॅग. मग म्हनल्या, बरोबर आहे. अन् पुस्तक माझ्या हातात परत दिलं." काकांनी पुस्तकाची कड पदराला पुसावी तशी शर्टाला पुसली. "बाकीच्यांचा निर्णय राह्यलाय, म्हनून ठेवलीत. ह्येचा तर झालाय, ह्ये भंगारात जायला पायजे व्हतं. पन पुस्तक हाय ओ, भंगारात कसं घालू."

मी टॅग बघितला. माझंच अक्षर, दोन्ही रकान्यांत. एवढ्या लांबून ती आली होती आणि तिने लिहावं अशी जागाच मी ठेवली नव्हती. वर्षभर परक्यांसाठी रिकामे रकाने सोडत बसले आणि जिचा रकाना होता तिचाच भरून टाकला. मला तिथे रडू आलं. काकांनी खिडकीचं दार ओढून घेतलं, गिरणीचं पीठ येतं म्हणून.

पुस्तक मी घरी नेलं आणि आठवडाभर बसमध्ये पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश. शेवटाबद्दल माझं मत आहे तेच आहे. घाईत केलाय. सहाशे पानं वाट बघायला लावून दार वाजवणं एका परिच्छेदात उरकलंय आणि दार उघडल्यावर दोघी काय बोलल्या हे लिहायची लेखकाला हिंमत झालेली नाही. पण हा दोष वेगळा. मी नोंदवलेला दोष चुकीचा होता. चांगला माल अडवणं ही आमच्या कामात वाईट मालाला पास करण्याइतकीच चूक धरतात, फक्त तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

पुढच्या गुरुवारी दुपारी मी नवीन टॅग घेतला. लालच घेतला, हिरवा घ्यायचा मला धीर झाला नाही. मालाचं नाव लिहिलं. दोष: आधीची नोंद चुकीची. माणूस परत आलं होतं. तपासणारी जागेवर नव्हती. सही केली आणि पेन बाजूला ठेवलं. मग तिला फोन लावला. तिकडे जेवणाची सुट्टी असेल असा अंदाज होता.

तिने उचलला. मागे ताटांचे आवाज आणि मला न कळणाऱ्या भाषेतलं बोलणं. मी कशी आहेस विचारायचं ठरवलं होतं, आई गेल्यावर मी नीट बोलले नाही हे सांगायचं ठरवलं होतं. शेवटी मी टॅग समोर धरला आणि वाचून दाखवला, मालाच्या नावापासून सहीपर्यंत.

ताटांचे आवाज तेवढे येत राहिले. मग तिने विचारलं, "निर्णय काय लिहिलास?"

"रिकामा आहे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. मग तिकडचा भोंगा वाजला, त्या गंभीर कादंबरीतल्यासारखा, नेमका नको तेव्हा. "सुट्टी संपली बघ. ठेवते."

याला आता तीन महिने झाले. तिचा फोन आलेला नाही, मीही पुन्हा केलेला नाही. बाकीच्या दहा पुस्तकांचे टॅग मी काकांसमोर बसून काढले आणि ती फडताळावर गेली. कारखान्याची कादंबरी लगेच कुणीतरी नेली, त्याला माझ्या शुभेच्छा. गुरुवारची सुट्टी बदलून रविवारची मिळते का, म्हणून मी साहेबांकडे अर्ज दिलाय. साहेब म्हणाले, रविवारी तुमचं काय काम असतं? मी सांगितलं, घरी थांबायचं असतं.

ते जाड पुस्तक माझ्याकडेच आहे, टेबलावर, टॅग बाहेर काढून. परत करायची मुदत कधीच उलटली. काका काही ते मागत नाहीत. निर्णय झालेला नाही म्हटल्यावर कसं मागणार.